माणूस नको, काम मोजा

डिसेंबर 2024 मध्ये एका ईमेलचा फोटो देशभर फिरला. नोएडातल्या 'येस मॅडम' या घरपोच सौंदर्यसेवा देणाऱ्या कंपनीचा. कंपनीनं कर्मचाऱ्यांच्या ताणाची पाहणी केली, अनेकांनी मोकळेपणानं उत्तरं दिली आणि कामाचा फार ताण आहे असं ज्यांनी सांगितलं त्यांना कंपनी निरोप देत आहे, असा मजकूर. संतापाचा भडका उडाला. मग कंपनीनं खुलासा केला, की कुणालाही काढलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या ताणाकडे लक्ष वेधण्यासाठी हे सगळं आखलं होतं.

या खुलाशानं कंपनी सुटत नाही. नोकरी जाण्याची भीती हा प्रसिद्धीचा माल नव्हे. पण त्याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. तो मेल लोकांना खरा वाटला. 'असं कुठली कंपनी करेल?' असं विचारणारे मला तरी त्या गदारोळात दिसले नाहीत.

आपल्या ऑफिसांमधल्या मनःस्वास्थ्याची इतकी अचूक मोजणी दुसऱ्या कुणी केली नसेल. 'ताण आहे' असं लिहिलं तर नोकरी जाईल, हे नोकरदाराला सहज पटतं. जिथे हे सहज पटतं, तिथे एचआरच्या फॉर्मवर गोळा झालेल्या उत्तरांना काडीची किंमत नाही.

तो फॉर्म येतो कसा ते बघा. अप्रेझलच्या आगेमागे मेल पडतो. तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे, उत्तरं निनावी राहतील, खाली लिंक. लिंक उघडायला कंपनीचाच लॉग-इन लागतो. पहिल्या पानावर विभाग, शहर, वयोगट, लिंग, नोकरीची वर्षं. आठ जणांच्या टीममध्ये चाळिशी ओलांडलेली, सहा वर्षं जुनी बाई एकच असते. तिचं नाव विचारायची गरजच उरत नाही, आणि हे तिला पुरतं ठाऊक असतं. ती सगळीकडे चार आणि पाच भरते.

वर टीम लीडचा निरोप: 'प्लीज सगळ्यांनी भरा, आपलं पार्टिसिपेशन शंभर टक्के दिसलं पाहिजे.' कुठे कुठे त्याहून उघड: 'जरा चांगलं भरा रे, नाहीतर ॲक्शन प्लॅन मलाच करत बसावा लागेल.' त्याचंही चुकत नाही. टीमचा एंगेजमेंट स्कोअर त्याच्या स्वतःच्या रेटिंगमध्ये धरलेला असतो. स्कोअरवर कुणाची बढती टांगली, की स्कोअर वाढतो. माणसं होती तितकीच थकलेली राहतात. मग टाऊनहॉलमध्ये हिरव्या रंगाचा आलेख लागतो आणि 'गेल्या वर्षीपेक्षा सहा अंकांनी सुधारणा' असं जाहीर होतं. सुधारणा उत्तरांत झालेली असते. कामात कुठे झाली, ते दाखवा.

दोष प्रश्नावल्यांचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्यामागे कष्टाचं शास्त्र आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाची पाच विधानांची एक प्रश्नावली 1998 पासून जगभर वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत होतं का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या दिवसात मन रमावं असं काही होतं का, एवढंच ती विचारते. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. बेरजेला चारनं गुणलं की शंभरपैकी आकडा मिळतो. तो 50 किंवा त्याखाली आला, तर नैराश्याची तपासणी करून घ्यावी. डॉक्टरच्या हातात हे उत्तम साधन आहे.

कंपनीच्या हातात त्याचं काय होतं? सकाळच्या ताजेपणाचंच विधान घ्या. ताजंतवानं न वाटायला घरातलं तान्हं बाळ कारण असेल, थायरॉइड असेल किंवा रात्री साडेअकराला अमेरिकेतल्या क्लायंटबरोबरचा कॉल असेल. प्रश्नावलीच्या लेखी तिन्ही सारखेच. या तिन्हींपैकी कॉलची वेळ तेवढी कंपनीला बदलता येते, आणि तिच्याबद्दल फॉर्ममध्ये प्रश्न नसतो. तुम्हाला कसं वाटतं, हे विचारतात. तुमच्याकडून काय करून घेतलं जातं, हे विचारत नाहीत. सगळी फसवणूक या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत आहे.

'बर्नआउट' हा शब्द आता प्रत्येक वेबिनारमध्ये असतो. ख्रिस्तिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन या अमेरिकी संशोधिकांनी 1981 मध्ये तो मोजण्याची पद्धत मांडली. पार पिळून टाकणारा थकवा, समोरच्या माणसांबद्दल आणि कामाबद्दल येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून धड काही होत नाही ही भावना, असे तिचे तीन धागे. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली आणि तो आजार नसून कामाशी जोडलेली स्थिती आहे, असं स्पष्ट नोंदवलं. कामाच्या ठिकाणचा जुनाट ताण, जो नीट हाताळला गेला नाही, त्यातून हे येतं. म्हणजे कारण कुठे शोधायचं ते व्याख्येतच लिहिलंय. आपल्याकडच्या वेबिनारचा विषय मात्र 'बर्नआउटपासून स्वतःला कसं वाचवाल' असा असतो. स्वतःला? काम कुणी लादलं?

काम माणसाला आजारी करतं, यावरचा सगळ्यात भक्कम पुरावा लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून आलाय. तिथल्या व्हाइटहॉलमधल्या सुमारे 18 हजार पुरुष नोकरांची पाहणी 1967 मध्ये सुरू झाली. तेव्हाची समजूत अशी, की साहेबाच्या डोक्यावर जबाबदारीचं ओझं, म्हणून हृदयविकार साहेबाला. निघालं उलटंच. सगळ्यात खालच्या श्रेणीतल्यांचा मृत्युदर सगळ्यात वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट होता. सिगारेट, रक्तदाब, सगळं हिशेबात धरूनही फरक पुरता मिटेना.

1985 मध्ये मायकेल मार्मट यांच्या नेतृत्वाखाली दुसरी पाहणी सुरू झाली. या वेळी 10,308 जण, त्यात स्त्रियाही. आपल्या कामाचा वेग, क्रम, पद्धत ठरवताना तुमचं कितपत चालतं, हेही त्यांना विचारलं. ज्यांचं काहीच चालत नव्हतं, त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. आता यातला खरा कळीचा तपशील. संशोधकांनी नुसत्या कर्मचाऱ्यांच्या शब्दावर विसंबून निष्कर्ष काढला नाही. त्या त्या पदावर माणसाला किती मोकळीक आहे, याचं मूल्यमापन त्यांनी आस्थापना विभागाच्या अधिकाऱ्यांकडून वेगळं करून घेतलं. दोन्ही मोजमापांनी एकच गोष्ट सांगितली. 'हा माणूसच कुरकुऱ्या आहे, म्हणून असं लिहितो' ही पळवाट तिथे बंद झाली.

अमेरिकेत रॉबर्ट कॅरासेक यांनी 1979 मध्येच हे सूत्र मांडलं होतं. नुसतं खूप काम माणसाला मोडत नाही. खूप काम आणि त्यावर शून्य ताबा, ही जोडी मोडते. आता आपल्या भोवती बघा. बाथरूमला गेल्याची मिनिटंही 'ऑक्स टाइम'मध्ये, म्हणजे कॉलबाहेरच्या वेळेत, मोजणारं कॉल सेंटर. वरून आलेलं विमा विकायचं टार्गेट आणि समोर पासबुक भरून मागणारी रांग, यांच्यात सापडलेली बँकेतली कारकून. एसटीचा ड्रायव्हर, ज्याचा मार्ग, वेळ, गाडी, यातलं काहीच त्यानं ठरवलेलं नसतं, पण उशीर झाला तर जबाब त्यानंच द्यायचा. दहा मिनिटांत सामान पोचवायला निघालेला मुलगा, ज्याचा साहेब म्हणजे मोबाइलमधलं ॲप. यांच्यापैकी बहुतेकांना मनःस्वास्थ्याचा फॉर्म कधी आलेलाच नाही. आमच्याकडची ही सगळी चर्चा एसीत बसलेल्यांची आहे. ताबा शून्य असलेले बाहेर उन्हात आहेत.

पण कंपन्यांना सूत्राशी देणंघेणं नाही. त्यांना हवा उपक्रम. ध्यानाचं ॲप, सकाळची योगासनं, 'रेझिलियन्स'ची कार्यशाळा, शुक्रवारी झुंबा. छप्पर गळतंय आणि हे घरातल्यांना छत्र्या वाटतायत. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 नोकरदारांच्या उत्तरांचा अभ्यास करून जानेवारी 2024 मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांनी ध्यान, ॲप, ताणमुक्तीची शिबिरं असे उपक्रम घेतले आणि ज्यांनी घेतले नाहीत, त्यांच्या मनःस्वास्थ्यात फायद्याचा म्हणावा असा फरक दिसला नाही. अपवाद एकच, समाजकार्यात हातभार लावण्याची संधी. बाकी सगळ्यावर खर्च झालेला पैसा माणसं वाढवायला, पगार द्यायला, शिफ्ट सुधारायला वापरता आला असता.

ध्यानाला किंवा समुपदेशनाला माझा विरोध नाही. ज्याला नैराश्यानं गाठलंय, त्याला डॉक्टर हवाच, समुपदेशक हवाच. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर ऑक्टोबर 2022 पासून अहोरात्र चालू आहे, मराठीतही बोलता येतं, आणि तिथे सांगितलेलं तुमच्या मॅनेजरच्या लॅपटॉपवर जात नाही. गरज असेल त्यानं आजच फोन करावा. माझा विरोध आहे तो उपचार पुढे करून काम जसंच्या तसं ठेवण्याला.

काम कसं बदलता येतं, याचं उदाहरण मुंबईतच आहे. मे 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. तोवर बारा-बारा तासांची ड्यूटी ठरलेली, बंदोबस्त लागला तर त्याहूनही जास्त. त्याच ठाण्यातल्या एका शिपायानं आहे त्या मनुष्यबळात आठ तासांच्या पाळ्या कशा बसतील, याचं गणित मांडलं, आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते ऐकून घेतलं. पुढे 2018 च्या सुरुवातीला ही पद्धत शहरातल्या सगळ्या ठाण्यांत नेली. तिथे कुणी 'तुम्हाला किती प्रसन्न वाटतं, एक ते पाच' असं विचारलं नव्हतं. जो माणूस ड्यूटी करत होता, त्यालाच ड्यूटीबद्दल बोलू दिलं. मनःस्वास्थ्याचा अभ्यास याला म्हणतात. अशी पाळी टिकवायला माणसं लागतात आणि भरती रखडली की पाळी कोसळते, हेही त्याच गणितात आहे. म्हणून पोलिसांच्या ताणाची चर्चा करणाऱ्यांनी आधी रिक्त जागांचा आकडा पुढे ठेवावा.

मोजायचंच असेल तर जपानकडून शिका. अतिकामानं येणाऱ्या मरणाला ज्या देशात स्वतंत्र शब्द आहे, त्यानं डिसेंबर 2015 पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी वर्षातून एकदा ताणतपासणी सक्तीची केली. सरकारनं सुचवलेली प्रश्नावली 57 प्रश्नांची आहे आणि तिचा मोठा हिस्सा कामाबद्दल, वरिष्ठांच्या आणि सहकाऱ्यांच्या आधाराबद्दल विचारतो. निकाल थेट कर्मचाऱ्याच्या हातात पडतो. त्याच्या संमतीशिवाय मालकाला तो पाहता येत नाही. ताण जास्त निघाला आणि कर्मचाऱ्यानं मागणी केली, तर डॉक्टरची भेट घडवून द्यायची आणि डॉक्टरच्या सल्ल्यानुसार कामाचे तास, कामाचं स्वरूप बदलायचं, ही मालकाची जबाबदारी. अशी मागणी केली म्हणून त्याला त्रास द्यायला कायद्यानं बंदी आहे. मालकाला मिळतो तो गटाचा निकाल, आणि दहापेक्षा लहान गटाचा सहसा तोही नाही, कारण लहान गटात माणूस ओळखू येतो. 2025 मध्ये कायदा बदलून पन्नासपेक्षा कमी माणसांच्या ठिकाणांनाही ही सक्ती लागू करायचं ठरलं.

जपानमधला ताण यानं संपला, असं मी म्हणत नाही. पण तिथल्या कायद्याला एक गोष्ट कळली. ज्याच्या हातात तुमची बढती आहे, त्याच्या हातात तुमच्या मनाचा आकडा जाता कामा नये. येस मॅडमच्या त्या मेलनं लोक हादरले, कारण आपल्याकडे अशी भिंतच नाही. कंपनीनं तुमची उत्तरं कुणाला दाखवायची, किती वर्षं ठेवायची, त्यावरून तुम्हाला काढता येईल का, हे व्यवहारात कंपनीच ठरवते.

आणि आपल्या राज्यात? 2024 च्या जुलैमध्ये पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण कंपनीत काम करणारी 26 वर्षांची सीए गेली. मार्चमध्ये रुजू झाली होती. तिच्या आईनं कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं, लेकीवर कामाचा डोंगर टाकल्याचं सांगितलं, अंत्यसंस्काराला ऑफिसमधलं कुणी आलं नाही हेही लिहिलं. कामामुळे मृत्यू झाल्याचं कंपनीनं नाकारलं. मृत्यूचं कारण मी ठरवणार नाही. पण त्यानंतर कामगार विभागाचे अधिकारी त्या ऑफिसात गेले, तेव्हा दुकानं आणि आस्थापना कायद्याखालची नोंदणीच नसल्याचं आढळलं. ऑफिस 2007 पासून चालू. सतरा वर्षं. दिवसाला 9 तास, आठवड्याला 48 तास ही मर्यादा तेव्हा ज्या कायद्यात होती, त्याच्या वहीत त्या ऑफिसचं नावच नव्हतं. हा कायदा काचेच्या इमारतीला लागत नाही का? सतरा वर्षं तिकडे कुणी का फिरकलं नाही, हा प्रश्न सरकारला विचारायचा आहे.

सरकारनं पुढच्या वर्षी काय केलं? सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं खासगी आस्थापनांमधली रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 10 तासांवर न्यायला मंजुरी दिली. गुंतवणूक यावी म्हणून. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मिळून सांगितलं होतं, की आठवड्याला 55 तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त असतो आणि हृदयविकारानं मरण्याचा 17 टक्क्यांनी. 2016 या एका वर्षात जगात 7 लाख 45 हजार माणसं अशा लांबलेल्या तासांपायी गेली, हा त्यांचाच अंदाज. आठवड्याची 48 तासांची मर्यादा कायम आहे, असं सरकार सांगतं. मग ती तपासायला हिंजवडीत, बीकेसीत, ऐरोलीत किती निरीक्षक जातात, तेही सांगा.

एचआरमधल्या प्रामाणिक माणसांना मला एक सांगायचं आहे, कारण अशी माणसं आहेत आणि त्यांची कुचंबणा मी पाहिली आहे. तुम्हाला नवा सर्व्हे नको आहे. हवी ती माहिती तुमच्या सर्व्हरवर आधीपासून पडून आहे. रात्री दहानंतर गेलेले मेल आणि मेसेज. मागितलेल्या आणि नाकारलेल्या रजा. मिळालेले आणि वाया गेलेले कॉम्प-ऑफ. एकाच मॅनेजरच्या हाताखालून वर्षात गेलेले राजीनामे. सुट्टीच्या दिवशी झालेले लॉग-इन. ती टीमवार काढा, नावं गाळा आणि संचालक मंडळाच्या बैठकीत नफ्याच्या आकड्याशेजारी ठेवा. त्यात कुणाच्या मनात डोकावावं लागत नाही, कुणाला खोटं लिहावं लागत नाही. तुमच्या मॅनेजरना हे रुचणार नाही. आकडा खरा असल्याची ती पहिली खूण समजा.

कर्मचारी संघटनांनीही आता जागं व्हावं. पगाराच्या करारात तासांचं कलम असतं, तसं ताणतपासणीचं कलम हवं: कोण विचारणार, उत्तरं कुणाकडे राहणार, गटाचा निकाल सगळ्यांसमोर कधी लावणार, आणि त्यावरून कामात काय बदललं याचा हिशेब कोण देणार. आयटीत संघटना नाही, म्हणून तिथे हे होणार नाही असं म्हणू नका. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांनी संघटना बांधायला कधीच सुरुवात केली आहे. त्यांच्याकडे जा, सभासद व्हा.

आणि वाचकहो, पुढच्या वेळी तुमच्या मेलमध्ये तो फॉर्म येईल, तेव्हा भरण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा. माझी उत्तरं कोण वाचणार? गेल्या वर्षीच्या उत्तरांवरून कामात काय बदललं? आणि माझ्या टीमचा निकाल मला कधी दाखवणार? एकट्यानं विचारू नका, पाच-सहा जणांनी मिळून विचारा. लेखी उत्तर येईपर्यंत तो फॉर्म भरू नका.